हरताळाची पुडी

"सर, संप फासतात कसा?"

हा प्रश्न मला भरवर्गात विचारला गेला त्याला सतरा वर्षे होऊन गेली. मी तेव्हा नवा मास्तर होतो, आणि नव्या मास्तराला वाक्प्रचारांचे मूळ सांगण्याची भारी हौस असते. त्या दिवशी मी फळ्यावर 'हरताळ फासणे' असे ठळक अक्षरांत लिहिले, हात झटकले आणि सांगून मोकळा झालो की, हरताळ म्हणजे संप, बंद. दुकानांना कुलपे लागली की व्यवहार थांबतो, म्हणून एखादी गोष्ट बंद पाडणे, नाहीशी करणे म्हणजे तिला हरताळ फासणे. मुलांनी निमूटपणे उतरवून घेतले. मागच्या बाकावरून तेवढा हा एक प्रश्न आला. वर्ग हसला. मला वाटले, पोरगा चेष्टा करतो आहे. "खाली बस," मी म्हटले, आणि तो बसला.

पुढे अंतर्गत परीक्षेत हाच वाक्प्रचार मी दोन गुणांना घातला. या मुलाने लिहिले होते, 'हरताळ हा पिवळा दगड असतो. तो वाटून पोथीतल्या चुकलेल्या अक्षरावर फासत, म्हणजे अक्षर नाहीसे होई. आमच्या दुकानात मिळतो.' शेवटचे वाक्य वाचून माझे डोके फिरले. उत्तरपत्रिकेत दुकानाची जाहिरात! मी तांबड्या शाईने फुली मारली आणि दोनांपैकी शून्य गुण दिले.

उत्तरपत्रिका दाखवल्या त्या दिवशी मधल्या सुट्टीत तो माझ्या टेबलापाशी आला आणि त्याने एक कागदाची पुडी पुढे ठेवली. आत सुपारीएवढा एक खडा होता. पिवळा खरा, पण हळदीसारखा नव्हे; अभ्रकासारखे पापुद्रे असलेला, आणि उजेडात धरला की सोन्यासारखा चकाकणारा. "सर, हुंगू नका, आणि नंतर हात धुवा," तो म्हणाला. "सोमलाच्या घरातला आहे."

तो गेल्यावर मी मोल्सवर्थचा कोश उघडला. १८५७ सालच्या आवृत्तीत हरताळ आपला पिवळा रंग घेऊन स्वस्थ बसलेला होता. मी एम. ए. झालेला, तो कोश माझ्या पाठीमागच्या कपाटात, आणि मला तो उघडण्याची गरज वाटली नव्हती. गुण मात्र मी बदलले नाहीत. गुणपत्रक कार्यालयात गेले होते. ते परत मागवायचे म्हणजे अर्ज आला, आणि अर्जात कारण लिहावे लागते.

आता हरताळाची हकीकत नीट सांगून टाकतो. निदान वाचकांपाशी तरी चुकीची दुरुस्ती होऊ दे.

हरताळ म्हणजे संस्कृतातले हरिताल, आर्सेनिक आणि गंधक यांचे पिवळे खनिज. तांबडी मनशीळ ही याचीच बहीण. जुने लेखक हरताळ बारीक खलून डिंकाच्या पाण्यात कालवीत आणि चुकलेल्या अक्षरावर त्याचा लेप देत. लेप वाळला की त्याच्यावर पुन्हा लिहिता येई. हाताने लिहिलेली जुनी पोथी कुठे पाहायला मिळाली तर पान तिरके धरून बघावे. ओळीत मध्येच एखादा पिवळा डाग दिसतो, आणि कधी कधी त्याच्याखाली झाकलेले अक्षरही पुसटसे ओळखू येते. कोण्या लेखकाची डुलकी तिथे दोन-तीनशे वर्षे झाकून ठेवलेली असते.

बंद या अर्थाचा हरताळ निराळा. तो हट्ट म्हणजे बाजार आणि ताल म्हणजे कुलूप यांचा जोडशब्द. गुजरातीत त्याला हडताल म्हणतात. ६ एप्रिल १९१९ रोजी रौलट कायद्याविरुद्ध गांधीजींनी देशभर हरताळ पुकारला, तेव्हापासून हा हरताळ घरोघर पोहोचला आणि पोथीतल्या हरताळाच्या उरावर बसला. भाद्रपदातल्या हरतालिकेचा या दोघांशीही संबंध नाही. तिची गोष्ट सखीने हरण करून नेल्याची आहे. आता वर्तमानपत्रात रोज कुणी ना कुणी नियमांना हरताळ फासतो. फासणाऱ्याच्या बोटांना पिवळे काय लागते, हे त्यालाही माहीत नसते आणि छापणाऱ्यालाही.

तर त्या मुलाचे दुकान. आमच्या गावच्या जुन्या पेठेत काष्ठौषधींचे दुकान आहे, तेच. पदवी घेऊन तो वडिलांच्या गादीवर बसला. दर दिवाळीला उटण्याचे सामान आणायला मी तिथेच जातो. भिंतभर लाकडी खण, आणि प्रत्येक खणावर त्याच्या आजोबांनी बोरूने लिहिलेली चिठ्ठी. नागरमोथा, गव्हला, कचोरा हे हाताला येतील असे. आणि अगदी वर, पोरांचा हात पोहोचू नये म्हणून, खनिजांची ओळ: हिंगूळ, मनशीळ, हरताळ, मोरचूद, हिराकस, मुरदाडशिंग, सुरमा, शेंदूर. मी सामानाची यादी त्याच्या हातात देतो आणि माझी मान वर होते. मराठी भाषेच्या इतिहासाची एवढी चांगली अनुक्रमणिका मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

या खणांकडे बघता बघता माझ्या ध्यानात आले की, आपण रंगांची नावे म्हणून जी घेतो त्यांतली कितीतरी मुळी रंगांची नावेच नव्हेत. ती पदार्थांची आहेत. शेंदरी म्हणजे शेंदराचा, गेरवा म्हणजे गेरूचा, निळा म्हणजे निळीचा. आणि तांबडा म्हणजे तांब्याचा! हा शब्द आपण इतका वापरतो की त्यातले तांबे दिसेनासेच झाले आहे. पहाटे तांबडे फुटते ते तांब्याचे. गव्हावर रोग पडतो त्याला इंग्रज शेतकरी लोखंडाच्या गंजाचे नाव देतो. आपल्या शेतकऱ्याला मात्र त्याच डागांत तांबे दिसले आणि तो तांबेरा म्हणून गेला. उलट धातूंची नावे पाहावी तर त्यांत रंग. सुवर्ण म्हणजे चांगल्या वर्णाचे. पितळेत पिवळेपण आहे. 'लोह' हा शब्द तर आधी तांबूस धातूचा, म्हणजे तांब्याचाच होता. पुढे लोखंडाने तो बळकावला. रंगाने धातूकडून नाव घ्यायचे आणि धातूने रंगाकडून, असा हा हातउसन्याचा व्यवहार आहे.

आर्सेनिकाचीच गंमत घ्या. आज हे नाव ऐकले की विषप्रयोगाची आठवण होते. पण ग्रीक 'आर्सेनिकॉन' म्हणजे मुळात हरताळच, आणि तो शब्द ग्रीकांनी इराणकडून घेतला. त्यात 'जर' म्हणजे सोने आहे. आपल्या जरतारीतले, जरीपटक्यातले जर तेच. रोमन लोकांनीही हरताळाला सोनेरी रंग या अर्थाचेच नाव दिले. तेव्हा पैठणीचा पदर आणि सोमलाची बाटली शब्दांपुरते तरी एका गोताचे निघतात!

यंदा गेलो तेव्हा दुकानात एक बाई आधीच उभ्या होत्या. कडेवर वर्षाचे मूल. त्यांना शेंदूर हवा होता. "असली द्या. मारुतीला लावायचा आहे, आणि थोडा याच्या कपाळाला," त्या म्हणाल्या.

"देवाला लावा, बाळाला नको," तो म्हणाला. "यात शिसे आहे."

बाई दुखावल्या. "देवाला चालते ते बाळाला का चालत नाही?"

"देव बोट चोखत नाही, ताई."

बाईंनी मुलाच्या तोंडातले बोट हळूच काढले आणि शेंदराऐवजी हळदीच्या कुंकवाची पुडी मागितली. मी मराठीचा मास्तर आहे. हे वाक्य मला सात जन्मांत सुचले नसते.

शेंदूर शब्दात शिशाची खूण कुठेच नाही, हीच खरी अडचण आहे. शिसे उघड्या भट्टीत वितळवून ढवळत राहिले की त्याची पिवळसर भुकटी होते. तिचे नाव मुरदाडशिंग. फारसीतला मुर्दार संग, म्हणजे मेलेला दगड. आपण संगाचे शिंग केले आणि दगडाला जनावर करून टाकले. हीच भुकटी बेताच्या आचेवर फार वेळ भाजली की हळूहळू केशरी-तांबडी होते. तो शेंदूर. हिंगूळ दिसायला शेंदराचा भाऊ, पण त्याच्या पोटात शिसे नव्हे, पारा आणि गंधक. कुंकू हळदीचे असले तर त्यात धातू नाही; हळदीला चुन्यासारखा क्षार लागला की ती तांबडी होते, एवढेच. कपाळावर तिन्ही सारखीच शोभतात. शरीरात गेल्यावर मात्र प्रत्येकाचे वागणे वेगळे, आणि शिसे तर लहान मुलाच्या मेंदूवरच घाला घालते. बाजारात कुंकू-शेंदूर म्हणून विकल्या जाणाऱ्या पुड्यांत शिसे सापडल्याचे तपासण्यांतून पुन्हा पुन्हा निघाले आहे. घराच्या रंगांबाबत सरकारने २०१६ साली नियम केला आणि रंगाच्या दहा लाख भागांत शिशाचे नव्वदाहून अधिक भाग नसावेत असे ठरवले. भिंतींची काळजी घेतली गेली ती अशी.

देवावर मात्र शेंदूर चढतच असतो. वणीच्या सप्तशृंगी देवीच्या मूर्तीवरचा लेप २०२२ साली उतरवला, तेव्हा हजार किलोंहून अधिक शेंदूर निघाला आणि आत मूळची रेखीव मूर्ती दिसू लागली. पिढ्यान्‌पिढ्यांनी जी पाहिली ती शेंदराची देवी होती. गंमत अशी की, युरोपातही शेंदराने असाच एक घोटाळा करून ठेवला आहे. तिकडे शेंदराला लॅटिनमध्ये 'मिनियम' म्हणत. हस्तलिखितांतली पहिली अक्षरे आणि चित्रे या मिनियमने रंगवीत, म्हणून त्या चित्रांना 'मिनिएचर' नाव पडले. चित्रे पानापुरती, म्हणजे लहान. त्यामुळे लोक समजले की मिनिएचर म्हणजेच लहान. आपण त्यावरून 'लघुचित्र' असे सुबक भाषांतर केले. शब्दाच्या मुळाला जागायचे तर 'शेंदूरचित्र' म्हणायला हवे होते! तेव्हा हरताळाच्या बाबतीत मी एकटाच फसलो असे नाही, एवढे समाधान मी घेतो.

बाई गेल्यावर तो शिडीवर चढला आणि वरच्या ओळीतले खण एकेक करून उतरवू लागला. "दुकान नवे करतोय, सर. काचेची कपाटे येणार. वरची ओळ बंद." हिंगूळ, मनशीळ आता ठेवणार नाही, म्हणाला, विचारणारा वैद्य राहिला नाही, आणि ज्याला उपयोग ठाऊक नाही त्याच्या हाती तो माल देववत नाही. मोरचूद तेवढे राहणार होते. मोरचूद म्हणजे तांब्याचा तो निळा खडा. संस्कृतात त्याला मयूरतुत्थ म्हणत. मोर तसाच राहिला आणि तुत्थाचे झिजून चूद झाले. द्राक्षबागाईतदार मोरचूद आणि चुना कालवून वेलींवर फवारतात, ते केवड्या रोगासाठी. ही युक्ती फ्रान्समधल्या बोर्दो भागातली. तिथले मळेवाले रस्त्याकडेच्या वेलींवर असले निळे मिश्रण शिंपडत, ते वाटसरूंनी द्राक्षे चोरू नयेत म्हणून. नेमक्या त्याच वेली रोगातून वाचलेल्या मिलार्दे नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने पाहिल्या आणि १८८५ साली ते औषध जगापुढे मांडले. पण नाशिकचा बागाईतदार आजही दुकानात येऊन 'मोरचूद' मागतो. ज्याच्या हाताला निळे लागते, त्याच्या तोंडी शब्द टिकतो.

डॉ. रघुवीरांची आठवण मला इथेच होते. नागपुरात बसून त्यांनी शास्त्रीय परिभाषेचा केवढा डोंगर उचलला! सोडियमला क्षारातु, पोटॅशियमला दहातु, कॅल्शियमला चूर्णातु, ॲल्युमिनियमला स्फट्यातु. धातूमधला 'आतु' शेपटीला लावून त्यांनी सगळ्या धातूंना एका पंगतीला बसवले. त्यांच्या विद्वत्तेपुढे मी हात जोडतो. हसणारे त्यांना फार हसले, ते मला कधी आवडले नाही. पण ॲल्युमिनियमचे पातेले घरात आले ते स्वतःचे नाव घेऊनच आले, आणि स्फट्यातूच्या पातेल्यात कुणी दूध तापवले नाही. कोशातल्या शब्दाला चूल मिळाली नाही.

कथलाचे भाग्य पाहा. संस्कृतातले कस्तीर, ग्रीकांकडे त्याच धातूला कासितेरॉस. तेच घासून घासून आपले कथील झाले. पण कथील पातेल्याला लागले की आपण त्याला कल्हई म्हणतो, आणि हा शब्द अरबी. अरब व्यापारी ज्या कलह बंदरातून कथील आणीत, ते मलायाकडचे असे सांगतात. म्हणजे धातू एका वाटेने आला आणि त्याची कला दुसऱ्या वाटेने. माझ्या लहानपणी कल्हईवाला वाड्याच्या दारात खड्डा खणून भाता लावी. तापलेल्या पातेल्यात नवसागराची चिमूट पडली की पांढरा धूर उठे, नाकात झणझणे. मग कथलाची कांडी नुसती टेकवायची आणि कापसाच्या बोळ्याने गरकन फिरवायची, की काळ्या पातेल्याच्या पोटात चांदणे पडे. आम्ही पोरे तोंडे वासून उभी राहत असू. स्टील आले आणि तो खड्डा बुजला. कल्हई उडते, ती आता माणसांचीच.

"हे घ्या, सर," असे म्हणून त्याने उतरवलेल्या खणांच्या चिठ्ठ्या माझ्यापुढे ठेवल्या. ओल्या फडक्याने भिजवून अलगद सोडवल्या होत्या. आठ चिठ्ठ्या. 'हरताळ' सर्वांत वर. मला काय बोलावे सुचेना. मग मास्तर जे करतात तेच मी केले: माहिती सांगू लागलो. पैसे द्यायला मोबाइल बाहेर काढला होता, तोच त्याच्यापुढे धरला.

"या काचेत कोणता धातू आहे, माहीत आहे?"

त्याला माहीत नव्हते. मला केवढा आनंद झाला म्हणून सांगू! मी सांगितले की, जर्मनीतल्या फ्रायबर्गला १८६३ साली राइख नावाचा एक प्राध्यापक एक खनिज तपासत होता. त्याच्या थोडे आधी बुन्सेन आणि किर्खोफ यांनी दाखवून दिले होते की, ज्योतीत तापवलेल्या प्रत्येक धातूच्या प्रकाशात त्याच्या त्याच्या रंगाच्या रेघा दिसतात. त्यांना सापडलेल्या दोन नव्या धातूंची नावेही त्यांनी रेघांच्या रंगावरूनच ठेवली. आता राइखची पंचाईत अशी की त्याला रंग नीट दिसत नसत. म्हणून त्याने रिख्टर नावाच्या सहकाऱ्याला बघायला बसवले, आणि रिख्टरला आजवर कुणी न पाहिलेली गडद निळी रेघ दिसली. निळीसारखी. नीळ युरोपात पूर्वी जात होती ती हिंदुस्थानातून, म्हणून तिचे तिकडचे नाव इंडिगो, म्हणजे हिंदुस्थानची. त्या इंडिगोवरून नव्या धातूचे नाव पडले इंडियम. म्हणजे आपल्या देशाचे नाव एका मूलद्रव्याला मिळाले, ते निळीच्या मध्यस्थीने. आणि बोट टेकले की ओळखणारी ही मोबाइलची काच आहे ना, तिच्यावर इंडियम आणि कथील यांच्या ऑक्साइडाचा पातळ, आरपार दिसणारा थर असतो.

तो काचेकडे बघत राहिला. मग म्हणाला, "कथलाचा थर? म्हणजे कल्हईच की, सर!"

मी गप्प झालो. या मुलापुढे माझे शेवटचे वाक्य कधी टिकलेच नाही.

त्याने सामान बांधले. चिठ्ठ्या वर्तमानपत्रात गुंडाळून निराळ्या पिशवीत घातल्या आणि हिशेब केला. नागरमोथा, वाळा, आंबेहळद, चंदनाची पूड, सगळे मिळून ३४० रुपये. "तीनशे बेचाळीस द्या, सर."

"वरचे दोन कसले?"

"गुणांचे," तो म्हणाला. सतरा वर्षांत आमच्यात या विषयाचे अवाक्षर निघाले नव्हते.

मी मुकाट्याने आकडा घातला. गल्ल्याजवळच्या त्या बोलक्या पेटीने सगळ्या पेठेला ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर केले की तीनशे बेचाळीस रुपये मिळाले.